संगणक, घुमट आणि आमचे तात्या

परवा ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. मुलगा फोंड्याकडचा, सप्त्याला पखवाज वाजवणारा. म्हणाला, "काका, घरच्या संगणकावर आजीची गाणी रेकॉर्ड करायची आहेत. मला यातलं काही कळत नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" दोन नावं सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण याच प्रश्नापायी माझी एकदा चांगलीच फजिती झाली होती आणि त्या फजितीत एक गोष्ट कायमची हातची गेली. तेव्हा त्याला म्हटलं, नावं मागाहून सांगतो, आधी एक कथा ऐक. तीच आज तुम्हालाही सांगतो.

२००६ ची चवथ. घरात नवा संगणक आला होता आणि मला तो कुठंतरी मिरवायचा होता. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वाड्यावर आरतीचे मुख्य. घुमट त्यांच्या मांडीवर असलं की बाकीचे आपोआप गप्प बसत. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर पडतो, डाव्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडाशी उघडझाप करून हवा अडवतो किंवा सोडतो. सगळी कमाल त्या डाव्या हाताची. जोडीला शामेळ आणि कांसाळं. तात्यांचा तो डावा हात आपण संगणकात पकडून ठेवायचा, असा माझा बेत.

संगीतासाठीचा म्हणून जो प्रोग्राम मला मिळाला होता, तो उघडल्याबरोबर पडद्यावर उभ्या रेघांचे चौकोन यायचे. लाल बटण दाबलं की आधी चार ठोके वाजायचे, टक, टक, टक, टक, आणि मग ती टकटक कानात चालूच राहायची. मला वाटलं, हे असंच असतं. तात्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हटलं, वाजवा. त्यांनी चार आवर्तनं वाजवली, थांबले, हेडफोन काढला आणि विचारलं, "हें टकटक कोण करता रे? ताका ताल कळना मरे."

सगळे हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, जुनं माणूस, यंत्राची सवय नाही. खरं काय ते कळायला मला दोन वर्षं लागली. आमची घुमट आरती संथ सुरू होते, कडव्यागणिक चढत जाते आणि शेवटी अशी सुटते की कांसाळं वाजवणाऱ्याच्या कपाळावर घाम येतो. शिगम्यातल्या सुंवारी वादनातही तसंच. ही चढण म्हणजे चूक नव्हे, तोच तर तिचा प्राण. आणि माझा संगणक पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकाच चालीनं टकटकत होता. तात्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्या टकटकीला ताल कळत नव्हता, तिला फक्त मोजता येत होतं.

तेव्हापासून मी या यंत्रांच्या मागं लागलो. ही टकटक आली कुठून? आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. ध्वनिमुद्रणाचं प्रत्येक साधन संगीताविषयी एक समजूत पोटात घेऊनच जन्माला येतं. ती समजूत आपल्या गाण्याशी जुळली तर ठीक, नाहीतर वाकावं लागतं ते गाण्यालाच.

हे संगणकापासून सुरू झालेलं नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता, तेव्हाही हेच होतं. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं एका भोंग्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं, त्या आवाजानं पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीत खाच कोरायची. विजेवरचं मुद्रण यायला १९२५ साल उजाडावं लागलं. भोंग्यातल्या त्या तबकडीत मावायची जेमतेम तीन मिनिटं. गौहर जान हुशार बाई. तिनं तीन मिनिटांत बसेल असा आखीव खयाल मांडला आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारून ती मोकळी झाली. पण ज्यांचं गाणं तासभराच्या बैठकीत हळूहळू उमलायचं, त्यांनी काय करायचं?

आपल्या केरीच्या केसरबाईंचंच उदाहरण घ्या. अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या. जयपूर घराण्याची ती लांब, न तुटणारी तान, एकेक राग सावकाश मांडत नेण्याची ती शिस्त. आज जगात आणि जगाबाहेरही केसरबाईंची ओळख आहे ती मात्र साडेतीन मिनिटांच्या एका भैरवीनं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी धाडली गेली, तिच्यावर हिंदुस्थानी संगीताचा प्रतिनिधी म्हणून त्यांची 'जात कहाँ हो' आहे. व्हॉयेजर १ यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या भैरवीची लांबी बाईंनी ठरवलेली नाही, ती तबकडीनं ठरवलेली आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये वारले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका मागे नाही. त्यांचं गाणं कसं होतं, हे आपण शिष्यांच्या गळ्यावरून ताडायचं. म्हणजे हिशेब असा झाला, की वाकडं मोजमाप लावून पकडलेली साडेतीन मिनिटं एका बाजूला आणि काहीच नाही दुसऱ्या बाजूला. मी साडेतीन मिनिटंच घेईन. तुम्हीही घ्याल.

आता संगणकाकडे येऊ. आज दुकानात किंवा महाजालावर दिसणारी सगळी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर्स वरवर सारखी दिसतात. पण त्यांची कुळं दोन आहेत आणि नवशिक्यानं आधी ती ओळखावीत.

पहिलं कूळ पियानोच्या पट्ट्यांचं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेनं जोडले गेले आणि एक वाजवल्यावर दुसरा वाजला. या भाषेला मिडी म्हणतात. मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरानं, केव्हा सोडली, एवढाच निरोप असतो. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, सप्तकात बारा. दोन पट्ट्यांच्या मधली जागा, म्हणजे आपली श्रुती, आपली मींड, ही अपवाद म्हणून वेगळी कळवायची. हा वाद आपल्याला नवा नाही. याच कारणासाठी रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीवाले हरले नाहीत हा भाग निराळा, पण शंका खरी होती.

या मिडीच्या पोटी १९८९ मध्ये हँबर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचं क्युबेस जन्मलं, अटारी संगणकावर. वरून खाली एकेक वाद्य, डावीकडून उजवीकडे मात्रांचे चौकोन. ही मांडणी इतकी सोयीची ठरली की पुढं बहुतेकांनी तीच उचलली. माझ्या पडद्यावरच्या उभ्या रेघा आल्या त्या इथून. २००४ मध्ये ॲपलनं गॅरेजबँड आणलं आणि हे सगळं घराघरांत पोचलं. नवं गाणं उघडा, गती मिनिटाला १२० ठोके, चार-चार मात्रांचे भाग, सी मेजर. तुम्ही एक सूर लावण्याआधी तीन निर्णय झालेले असतात.

दुसरं कूळ टेपरेकॉर्डरचं. इथं मात्रा नाहीत, मिनिटं आणि सेकंद आहेत. टेपवर एकावर एक थर चढवण्याचा खटाटोप गिटारवादक लेस पॉल करत होता. १९५७ मध्ये त्याच्यासाठी आठ मार्गिकांचं टेपयंत्र तयार झालं. ते यंत्र म्हणजे जवळजवळ कपाट. मग १९७९ मध्ये टास्कमचा पोर्टास्टुडिओ आला. साधी कॅसेट, चार मार्गिका, टेबलावर मावणारं यंत्र. घरात बसून रेकॉर्डिंग करणं खऱ्या अर्थानं इथून सुरू झालं. १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीननं असल्याच एका यंत्रावर घरी एकट्यानं काही गाणी मुद्रित केली, पुढं बँडला शिकवण्यासाठी कच्चा खर्डा म्हणून. बँडबरोबर स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, पण घरची धग येईना. शेवटी घरच्याच टेपवरून 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला.

संगणकावर हे कूळ आलं ते ध्वनीची लाट पडद्यावर दाखवून. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर साउंड डिझायनर आलं, तिथं लाट डोळ्यांनी पाहून कापता-जोडता येऊ लागली. त्याच कंपनीनं १९९१ मध्ये प्रो टूल्स काढलं. चार मार्गिका आणि किंमत सहा हजार डॉलर. आपल्यासारख्यांनी नावही काढू नये. आणि मग १९९९ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅनेनबर्ग हे प्राध्यापक यांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला. २००० मध्ये तो सर्वांना मोफत खुला केला, त्याच्या आतल्या आज्ञावलीसकट. तो ऑडॅसिटी. उघडला की एक लांब कोरी पट्टी आणि वर सेकंदांची मोजपट्टी. लाल बटण दाबा, बोला. टकटक नाही.

ही दोन्ही कुळं पुढं एकमेकांत मिसळली. आज क्युबेसमध्ये टेपचं काम होतं आणि प्रो टूल्समध्ये मिडी चालतं. पण प्रोग्राम पहिल्यांदा उघडल्यावर समोर काय येतं, चौकोन की सेकंद, त्यावरून मूळ कळतं.

इथं गोंयकारांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याला ही दोन्ही कुळं परकी नाहीत. चर्चच्या शाळेत सोल्फा आणि पाच रेघांची लिपी शिकलेले आपले वादक मुंबईत गेले. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी हिंदी सिनेमाचे वाद्यमेळ कागदावर लिहिले, शंभर माणसांना एका रेघेत वाजायला लावलं. चौकोनात संगीत कसं मांडायचं हे आपल्याच माणसांनी मुंबईला शिकवलं. आणि त्याच गोव्यात, त्याच वेळी, देवघरासमोर घुमट वाजत होतं. ते कुणी लिहिलं नाही, ते मांडीला मांडी लावून शिकलं गेलं. मांडो-दुलपदांतही तेच घुमट. तेव्हा चौकोन वाईट आणि सेकंद चांगले असं मी म्हणत नाही. ज्याला कीबोर्डवर चाल बांधायची आहे, ढोलकीचा लूप लावून त्यावर गायचं आहे, त्याला चौकोन हवेतच. प्रश्न एवढाच, की तुमच्या हातात काय आहे? नव्यानं रचायचं गाणं, की आधीपासून असलेलं, कुणाच्या तरी गळ्यातलं?

माझ्याकडे दुसऱ्या जातीचं होतं. म्हणून २००७ च्या चवथीला मी शहाणा झालो. चौकोनवाला प्रोग्राम बंद, लाटवाला सुरू. तात्यांच्या कानात काही घातलं नाही. मायक्रोफोन घुमटाच्या अगदी तोंडाशी न धरता चार हात लांब ठेवला. पातळी मुद्दाम कमी ठेवली, कारण घुमटाची थाप एकदम उसळते, आणि आवाज एकदा फाटला की कुठलंही सॉफ्टवेअर तो शिवून देत नाही. सबंध आरती मिळाली, वीस मिनिटांची. तात्यांनी ऐकली आणि मान हलवली. त्यांच्याकडून ही मोठी पावती.

दिवाळीच्या सुमारास संगणक बिघडला. तो कोरा करायचा होता, म्हणून मी महत्त्वाच्या फाइली सीडीवर उतरवल्या. आरतीच्या नावाची फाइल दिसली, तीही घेतली. किती लहान आहे म्हणून कौतुकही केलं. संगणक नवा होऊन आला, ती फाइल उघडली आणि आत काहीच नव्हतं. कुठला तुकडा कुठं ठेवला आहे, याची ती नुसती यादी होती. खरा आवाज शेजारच्या एका फोल्डरमध्ये होता आणि तो फोल्डर मी घेतलाच नव्हता. दोष प्रोग्रामचा नव्हे, माझा. स्वयंपाकाची वही घेऊन आलो आणि धान्य मागे ठेवून आलो.

म्हटलं, जाऊदे, पुढच्या चवथीला पुन्हा करू. पुढच्या चवथीला तात्यांचा डावा हात उठत नव्हता. मे महिन्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता.

२००८ मध्ये घुमट चुलतभावानं घेतलं. तात्या खांबाला टेकून शेजारी बसले होते. मी तेच केलं, लाल बटण दाबलं आणि बाजूला झालो. सात मिनिटं वीस सेकंद झाल्यावर तात्या दमले आणि आम्ही थांबलो. या वेळी त्याच रात्री आवाज वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढला, दोन सीड्यांवर घातला, एक बहिणीकडे म्हापशाला धाडली. तात्या २०१० मध्ये गेले.

ती फाइल मी आजही ऐकतो. वादन तात्यांचं नाही. मागे कुकरची शिट्टी आहे, एक मूल रडतं आहे. पण दुसऱ्या कडव्याला भाऊ घाईला येतो, तेव्हा तात्यांचा आवाज येतो, "धांवूं नाका." भाऊ सावरतो. चौथ्या कडव्यापर्यंत ते काही बोलत नाहीत. आणि मग नेमक्या एका जागी, हळूच, "आतां सोड." आणि आरती सुटते. ती जागा कुठल्या चौकोनात बसते हे मी एकदा मोजून पाहिलं. कुठल्याच नाही.

मधल्या काळात घुमटही बदललं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला अभय दिलं, म्हणून आता बकऱ्याचं कातडं चढवतात. ते योग्यच, पण नाद थोडा निराळा आहे. २०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. आनंद वाटला. तरी माझ्या मनात आलं, वाद्याला वारसा म्हणता येतं, पण "आतां सोड" केव्हा म्हणायचं हे कुठल्या राजपत्रात लिहिणार?

तर त्या फोंड्याच्या मुलाला मी काय सांगितलं, ते सांगून थांबतो.

आजीची गाणी धरायची असतील तर ऑडॅसिटी घे. २०२१ पासून ते म्युझ ग्रुप या कंपनीकडे आहे, पण अजूनही मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पुढं मार्गिका वाढल्या, पखवाज-झांज-गळा वेगवेगळा धरावासा वाटला, तर रीपर बघ. विनॲम्पवाल्या जस्टिन फ्रँकेलनं केलेलं, साठ दिवस वापरून पाहता येतं, आणि घरगुती परवाना साठ डॉलरला आहे. ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड घरातच आहे. ते वापर, पण आधी मेट्रोनोम बंद कर आणि वरची मोजपट्टी मात्रांवरून वेळेवर आण. रीपरमध्येही तसं करता येतं. शिवाय तिथं आधी मोकळं वाजवून मग रेघा त्या वादनाप्रमाणे सरकवता येतात. म्हणजे यंत्रानं माणसाच्या मागून चालायचं.

सेकंदाला ४४,१०० नमुने ठेव, सीडीचा हाच हिशेब आहे आणि आजीला तो पुरेसा आहे. सोळा बिटांनी दोन्ही बाजूंचा तासभर आवाज सुमारे ६३५ मेगाबाइट होतो. आजच्या डिस्कवर ते काहीच नाही, म्हणून मूळ प्रत एमपी३ करून दाबू नको. प्रोजेक्ट म्हणजे आवाज नव्हे. वेव्ह काढ, दोन ठिकाणी ठेव, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या घरात असू दे. आजी मध्येच थांबून कुणाला काही सांगू लागली तर बटण बंद करू नको. कुकर वाजला तर वाजू दे.

त्यानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "काका, परीक्षा झाल्या की मेमध्ये बसतो निवांत."

मी विचारलं, आजीचं वय किती?

म्हणाला, एक्याऐंशी.

म्हटलं, या आयतवारी बस.